डोले वाढले की ठोसा वाढतो का? बॉक्सिंगमधल्या ताकदीचं गणित समजून घ्या

अमरावती असो की अकोला, संध्याकाळी कुठल्याही जिममध्ये डोकावलं तर आरशासमोर दंडाची बेटकुळी फुगवून बघणारे पोट्टे दिसतातच. त्यातला एखादा बॉक्सिंग शिकायला लागला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, बॉडी बनवली तर पंच जोरात बसेल ना?"

यावर दोन उत्तरं मिळतात. जिमवाला म्हणतो, "बसेल ना, मसल म्हणजेच ताकद." जुना बॉक्सर म्हणतो, "मसल वाढवलं की हात जड होतो, नाद सोड."

गंमत म्हणजे दोघंही अर्धे बरोबर आहेत. मसल वाढल्याने ठोसा वाढूही शकतो आणि मार खायची वेळही येऊ शकते. मसल कुठे वाढलं, कशा व्यायामाने वाढलं आणि त्यामुळे वजनकाटा कुठे जाऊन थांबला, यावर ते ठरतं. ते कसं, ते बघू.

ठोसा निघतो कुठून?

ठोसा हाताने मारला जातो, पण तो हातातून निघत नाही. शेतात पाखरं हाकलायला गोफण फिरवणारा माणूस आठवा. दगड लांब जातो तो मनगटाच्या जोरावर नाही. पाय रोवलेले असतात, कंबर फिरते, खांदा फिरतो आणि अगदी शेवटी दगड सुटतो. बॉक्सरचा मागचा हात असाच चालतो. मागचा पाय जमीन ढकलतो, ती ताकद कमरेतून खांद्यात येते आणि शेवटी मुठीत पोहोचते.

१९८५ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी यात कोणाचा किती वाटा असतो, हे मोजलं. वरच्या दर्जाच्या बॉक्सरमध्ये ठोशाच्या जोरात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धड फिरवण्याचा ३७ टक्के आणि हाताचा फक्त २४ टक्के निघाला. नवख्या बॉक्सरमध्ये मात्र पायांचा वाटा जेमतेम १६-१७ टक्के होता. म्हणजे नवखा खेळाडू हाताने मारतो आणि पक्का खेळाडू पायाने.

२००० साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका मोजणीत हा फरक आणखी ठळक दिसला. अव्वल बॉक्सरच्या मागच्या हाताचा ठोसा सुमारे ४,८०० न्यूटनचा होता, तर नवख्यांचा सुमारे २,४०० न्यूटनचा. फरक थेट दुपटीचा! एवढा फरक नुसत्या दंडाच्या घेराने पडत नाही. तो पायापासून मुठीपर्यंतची साखळी जुळल्यामुळे पडतो.

मग मसल काहीच कामाचं नाही का?

तसंही नाही. स्नायू जितका जाड, तितकं जास्त बल तो लावू शकतो, हे शरीरशास्त्राचं साधं तत्त्व आहे. बॉक्सिंगमध्ये वजनगट आहेत तेही याच कारणामुळे. इतर गोष्टी सारख्या असतील, तर जड माणसाचा ठोसा जास्त लागतो.

२००५ मध्ये अमेरिकेत ऑलिंपिक दर्जाच्या सात बॉक्सरचे ठोसे मोजले गेले. त्यात फ्लायवेटपासून सुपर हेवीवेटपर्यंतचे खेळाडू होते. मुठीचा सरासरी वेग सेकंदाला ९.१४ मीटर निघाला आणि बल सरासरी ३,४२७ न्यूटन. जड गटातल्या खेळाडूंचा ठोसा जास्त जोराचा होता. त्यामागचं मुख्य कारण होतं ठोशामागे उभं राहिलेलं वजन, ज्याला 'प्रभावी वस्तुमान' म्हणतात. ते सरासरी फक्त २.९ किलो होतं.

हा आकडा नीट बघा. बॉक्सर ६० किलोचा असो की १०० किलोचा, समोरच्याला लागतात ते त्याचे मोजके किलो. अख्खं शरीर काही मुठीत येत नाही. ठोसा लागण्याच्या क्षणी मनगट, कोपर, खांदा आणि धड एकसंध घट्ट झालं, तर हे वजन वाढतं. मनगट ढिलं राहिलं, तर दंड कितीही फुगलेला असो, ठोसा फुसका जातो.

दुसरीकडे वेगाचं गणित आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. मुठीचा वेग १० टक्क्यांनी वाढला, तर ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे वजन वाढवताना वेग गेला, तर कमावलेलं तिथेच गमावलं.

मग नुकसान कुठे होतं?

१. वजनगट बदलतो. पॅरिस ऑलिंपिक २०२४ मध्ये पुरुषांचे सातच गट होते: ५१, ५७, ६३.५, ७१, ८०, ९२ आणि ९२ किलोच्या वर. समजा, ५७ किलोच्या गटातल्या मुलाने जिममध्ये तीन किलो मसल कमावलं. तो ६० किलोचा झाला. आता ५७ चा गट बंद आणि ६३.५ च्या गटात तो सगळ्यात हलक्यांपैकी एक. समोर त्याच्याहून उंच आणि लांब हाताचे खेळाडू. ठोसा थोडा वाढला असेलही, पण तो पोहोचवायचा कसा?

२. स्नायू सैल सुटत नाही. ठोसा मारताना स्नायू सतत आवळलेला ठेवला तर हात संथ होतो. कॅनडाचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एमएमए खेळाडूंच्या प्रहारांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की स्नायू सुरुवातीला आवळतो, मध्ये सैल पडतो आणि प्रहार लागताना पुन्हा आवळतो. कायम संथ गतीने वजन उचलणाऱ्या आणि ठोशांचा सराव सोडून दिलेल्या मुलाची हीच लय बिघडते. जुने लोक 'हात जड झाला' म्हणतात ते याला.

३. दम लवकर जातो. ऑलिंपिक पद्धतीच्या लढतीत तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड असतात. वाढलेल्या प्रत्येक किलोला रक्त आणि ऑक्सिजन पुरवावा लागतो, तो किलो पायांवर नाचवावा लागतो. पहिल्या राउंडला जोरात बसणारा ठोसा तिसऱ्या राउंडला उचललाच गेला नाही, तर त्या ताकदीचा उपयोग काय?

वऱ्हाडातलं उदाहरण

बुलडाणा जिल्ह्यातला आणि अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनंता चोपडे हे या भागातलं ठळक नाव. जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये त्याने ५२ किलो गटात सुवर्णपदक मिळवलं. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने वजनगट बदलले आणि ५२ चा गट गेला. एप्रिल २०२२ मध्ये थायलंड ओपनचं सुवर्ण त्याने जिंकलं ते ५४ किलो गटात. अंतिम फेरीत त्याने थायलंडच्या खेळाडूला ५-० ने हरवलं.

दोन सुवर्णपदकं आणि गटातला फरक दोन किलोंचा! या पातळीवर वजन किलो-किलोने मोजून वाढवावं लागतं.

याच्या अगदी उलट टोकाला आहे शेजारच्या नागपूरची अल्फिया पठाण. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडला झालेल्या युवा जागतिक स्पर्धेत तिने ८१ किलोवरील गटात सुवर्ण जिंकलं. या गटाला वरची मर्यादाच नाही. तिथे वजन हे ओझं न राहता हत्यार होऊ शकतं, अर्थात ते पायांवर हलवता आलं तर. म्हणजे एकच सल्ला अनंताला आणि अल्फियाला चालणार नाही.

जगातल्या दोन गोष्टी

रॉय जोन्स ज्युनियर हा ७९ किलोच्या गटाचा राजा. मार्च २००३ मध्ये तो साडेसत्याऐंशी किलोचा होऊन हेवीवेटमध्ये उतरला आणि जॉन रुईझला हरवून विजेता झाला. पण नंतर तेच वजन उतरवून तो जुन्या गटात परतला. नोव्हेंबर २००३ मध्ये अँटोनिओ टार्व्हरविरुद्ध कसाबसा जिंकला आणि मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरने त्याला दुसऱ्याच राउंडला आडवं केलं. वय हे कारण होतंच, पण कमावलेलं मसल घाईत उतरवणं शरीराला महाग पडतं, याचं उदाहरण म्हणून आजही ही गोष्ट सांगितली जाते.

दुसरा डिऑन्टे वायल्डर. सहा फूट सात इंच उंची, काटकुळे पाय, पण ठोसा असा की भलेभले झोपले. डिसेंबर २०१८ मध्ये तो ९६ किलोचा होता आणि ११६ किलोच्या टायसन फ्युरीला त्याने दोनदा खाली पाडलं. लढत बरोबरीत सुटली. ऑक्टोबर २०२१ च्या लढतीत तो १०८ किलोचा होऊन आला. फ्युरीला त्याने याही वेळी दोनदा पाडलं, पण अकराव्या राउंडला स्वतःच पडला. बारा किलो वाढवण्याआधीही त्याचा ठोसा जबरदस्त होता, आणि ते वाढवूनही निकाल त्याच्या बाजूने लागला नाही.

आखाड्यातल्या शहाणपणाचं काय?

अमरावतीला ही चर्चा नवी नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलंच. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी कबड्डीसह देशी व्यायामप्रकार जगाला दाखवले होते.

या देशी व्यायामांचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात शरीर तुकड्या-तुकड्याने घडत नाही. जोर काढताना खांदा, पाठ आणि पोट एकत्र काम करतं. गदा फिरवताना कंबर आणि मनगट जोडलं जातं. मल्लखांबावर तर स्वतःच्याच वजनाला पेलायचं असतं, त्यामुळे फुकटचा एक किलोही जाणवतो. बॉक्सरला हवी ती साखळी हीच. अर्थात नुसत्या जोर-बैठका पुरेशा नाहीत. पायाची कमाल ताकद वाढवायला वजन उचलावंच लागतं.

मग बॉक्सरने जिममध्ये करायचं काय?

- पाय आणि पाठ आधी: स्क्वॅट आणि डेडलिफ्टला पहिला मान, बायसेप्स कर्लला शेवटचा.
- वजन जास्त, फेरे कमी: जड वजनाचे तीन ते पाच फेरे आणि मध्ये पुरेशी विश्रांती. यात आकार कमी वाढतो, पण मेंदू आणि मज्जासंस्था आहे तेच स्नायू जास्त जोराने वापरायला शिकतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः यामुळेच.
- स्फोटक हालचाली: उड्या, मेडिसिन बॉल फेकणं, वजन घेऊन झपकन उठणं. ब्राझीलच्या राष्ट्रीय बॉक्सरवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उडी आणि बेंच प्रेसमधल्या ताकदीचा ठोशाच्या जोराशी घट्ट संबंध दिसला.
- बॅग सोडायची नाही: नवी ताकद ठोशात उतरवायला त्याच काळात बॅग आणि पॅडवर सराव हवाच.

इथे जपायला हवं

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. अनेक घरांसाठी पदक म्हणजे पोराची नोकरी. त्यामुळे घाई होते आणि घाईत दोन चुका होतात.

पहिली चूक, खात्री नसलेली पावडर किंवा इंजेक्शन. त्यात स्टेरॉइड निघालं, तर पहिल्याच गुन्ह्याला चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही.

दुसरी चूक, आधी वजन वाढवायचं आणि स्पर्धेआधी पाणी तोडून उतरवायचं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं. ऑलिंपिक पद्धतीत मात्र लढतीच्या दिवशी सकाळीच काट्यावर उभं राहावं लागतं, आणि पुढची लढत असली की पुन्हा. सावरायला वेळच नसतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात असताना प्लास्टिकचा सूट घालून पळणं तर जिवावर बेतू शकतं. वाढत्या वयाच्या मुलांना खालच्या गटात अडकवून ठेवण्यापेक्षा वरच्या गटात खेळवणं कधीही चांगलं.

थोडक्यात सांगायचं तर

मसल ठोशाचं वैरी नाही आणि हमीही नाही. पाय, पाठ आणि कंबरेत आलेलं, वेग न घालवता आलेलं आणि आपल्या वजनगटात बसणारं मसल ठोसा वाढवतं. फक्त आरशासाठी आलेलं मसल तिसऱ्या राउंडला ओझं होतं. एखाद्या पोराचा ठोसा खरंच वाढला का, हे बघायचं असेल तर टेपने दंड मोजण्यात अर्थ नाही. तिसऱ्या राउंडला त्याच्या ठोशाने बॅग किती हलते, ते बघा.