डाग सीलचा, कसूर हवेचा

सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाली बोलावलं तेव्हा मला वाटलं, पार्किंगवरून पुन्हा वाद झाला असेल. त्यांनी फक्त बोट दाखवलं. नेरूळच्या आमच्या इमारतीत नुकत्याच बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर, माझ्या गाडीखाली, तळहाताएवढा काळा डाग होता. चारच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून घेतलं होतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे बिलही तसंच आलं होतं. आणि आता पुन्हा गळती.

या वेळी तुर्भ्याच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी गाडीखाली न वाकता इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि वरचं तेलाचं झाकण उघडलं. भस्सकन धूर आला. म्हणाले, "सील का क्या कसूर, भाईजान? अंदर हवा घुट रही है."

या एका वाक्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्याकडे मराठीत फारसा कोणी लिहीत नाही, म्हणून ही खटपट.

इंजिनात पेट्रोल पेटतं तेव्हा सगळा वायू पिस्टनच्या वरच राहत नाही. थोडा रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या भागात उतरतो. तो बाहेर पडला नाही तर आत दाब वाढतो, आणि दाब वाढला की तेल सर्वांत कमजोर जागा शोधतं. सुरुवातीच्या मोटारींत हा प्रश्नच नव्हता, कारण कुठलीच गोष्ट धड बंद नव्हती. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तेलाचा पंप नव्हता. फिरणारे भाग तेल उडवत आणि त्यावर सगळं चाले. तेल मोजायला आजची पट्टीही नव्हती. तळाशी दोन छोटे नळ होते. वरच्या नळातून तेल आलं तर भरपूर, खालच्यातूनही आलं नाही तर धोका. तेल गळणं, कमी होणं, पुन्हा ओतणं हा रोजचाच व्यवहार होता.

आतली वाफ बाहेर काढायला पुढे कित्येक वर्षं एक साधी नळी असे. तिचं तोंड खाली रस्त्याकडे. गाडी धावली की वारा वाफ ओढून घेई आणि तेलाचा फवारा रस्त्यावर पडे. मग लॉस एंजलिसमध्ये लोकांचे डोळे चुरचुरू लागले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की या धुरक्याचं मूळ मोटारींतून निघणाऱ्या वाफांवर पडणाऱ्या उन्हात आहे. १९६१च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत ती वाफ बाहेर न सोडता एका व्हॉल्व्हमधून परत इंजिनात जाळायला पाठवू लागले. आज आपल्या गाडीत तोच पीसीव्ही व्हॉल्व्ह आहे. हवेसाठी चांगलंच झालं. पण नळी उघडी होती तोवर इंजिनाला श्वास घ्यायला मोकळी जागा होती. आता तो श्वास बोटाएवढ्या व्हॉल्व्हवर आला. त्यात काजळी साचली की आत कोंडमारा.

दुसऱ्या बाजूने फटी बुजवण्याचं काम चालूच होतं. जोडांवर बुचाच्या झाडाची साल, कागद, आणि चिकटवायला लाख. हो, आपलीच लाख, झाडावरच्या किड्याची. छोटा नागपूरच्या जंगलातून निघून ती ग्रामोफोनच्या तबकड्यांत गेली, तशीच इंजिनाच्या पॅकिंगलाही लागली. फिरत्या दांड्याभोवतीचं सील मात्र चामड्याचं होतं. जर्मनीत फ्रॉयडेनबर्ग नावाची चामडं कमावणारी कंपनी होती. तिथल्या वाल्टर झिमर यांनी १९२९मध्ये असं चामड्याचं सील बनवलं, आणि १९३६ साली त्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. चामड्याच्या धंद्याला नाकं मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की त्यांच्या गाडीतल्या सीलचा पूर्वज चामड्याच्या कारखान्यातूनच आला आहे.

आमच्याकडे हे सगळं ज्ञान आलं ते पुस्तकांतून नव्हे, टॅक्सीतून. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६०च्या दशकात फियाट ११०० डी निघू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, बॉनेट उघडलं की सगळं नजरेसमोर. लाखो किलोमीटर धावलेल्या या टॅक्सींवर मुंबईतल्या पोरांनी हात बसवले. त्यांत मुसलमान पोरं पुष्कळ होती. शाळा सुटलेली, उस्तादांच्या हाताखाली आधी पाने पुसणारी, मग डिझेलने इंजिन धुणारी. माझे उस्तादही कुर्ल्यात असेच शिकले. पुढे मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला आले, बाजारांमागून ट्रक आले आणि ट्रकांमागून मिस्त्री. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी गाडीला निरोप दिला. तिला चालती ठेवणाऱ्या हातांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

उस्तादांनी इंजिन धुऊन सुकवलं, वर टाल्कम पावडर भुरभुरली आणि मला पामबीच रोडवर एक चक्कर मारून यायला सांगितलं. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीवर तेलाचा माग स्पष्ट दिसत होता. गळती नेहमी वरून शोधायची, कारण तेल खाली वाहतं आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. डाग जिथे पडतो तिथे दोष असेलच असं नाही. माझ्या गाडीत टॅपेट कव्हरचं पॅकिंगही पाझरत होतं आणि मागचं नवं सीलही. दोन्हींच्या मुळाशी व्हॉल्व्ह आणि तडकलेली, काजळीने बुजलेली रबरी नळी. आधी ती बदलली, मग पॅकिंग, आणि पंधरा दिवस वाट पाहिली. सीलला हात लावावा लागला नाही. सिलिकॉनची पेस्ट भरपूर थापू का, असं पोरगं विचारत होतं. उस्तादांनी त्याला झापलं. जास्तीची पेस्ट आत तुटून पडते, पंपाच्या जाळीत अडकते आणि तेलाचा रस्ताच बंद होतो.

सेक्रेटरी डागावर पाणी मारायला निघाले होते. मी थांबवलं. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव बांधले. रस्त्यावरचं पाणी गटारातून या तलावांत जातं आणि ओहोटीला ठाणे खाडीत, जिथे फ्लेमिंगो उतरतात. वापरलेलं इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. मग आम्ही दोघांनी डागावर लाकडाचा भुसा टाकला, रात्रभर ठेवला, सकाळी गोळा करून पिशवीत भरला आणि ती उस्तादांकडच्या तेलाच्या ड्रमशेजारी नेऊन ठेवली. फरशीवर फिकट वर्तुळ अजून दिसतं.