वऱ्हाडातील कामाची ठिकाणे व उन्हाळी आपत्ती

अमरावती व अकोला या जिल्ह्यांत उन्हाळ्यातील तीव्र उष्मा ही दरवर्षी येणारी नैसर्गिक आपत्ती आहे. भूकंप वा महापुराप्रमाणे ती इमारती पाडीत नाही. परंतु जिन, गोदाम, बाजार-आवार, रस्ताकाम व शेत अशा ठिकाणी राबणाऱ्या माणसांचे प्राण तिच्यामुळे धोक्यात येतात. तिला तोंड देण्याची कामाच्या ठिकाणची तयारी काही रूढींतून, तर काही कायद्यांतून विकसित झाली.

हवामान : उत्तरेस मेळघाटातील गाविलगडचे डोंगर व दक्षिणेस बालाघाट यांमधील पूर्णा नदीच्या सखल प्रदेशास पयनघाट म्हणतात. समुद्रापासून दूर असलेल्या या काळ्या मातीच्या प्रदेशात मे महिन्यातील सरासरी कमाल तपमान अकोल्यास सु. ४२° से. असते, ते ४७° से. च्याही वर गेल्याच्या नोंदी आहेत. हवेचे तपमान त्वचेच्या तपमानाहून (सु. ३५° से.) अधिक झाले, की शरीर हवेत उष्णता सोडू शकत नाही, उलट ती शोषून घेते. अशा वेळी घामाचे बाष्पीभवन हाच शरीर थंड ठेवण्याचा मार्ग उरतो. कोरड्या हवेत घाम तत्काळ सुकत असल्याने शरीरातील पाणी किती घटले हे कामकऱ्याच्या ध्यानी येत नाही. शरीराचे तपमान ४०° से. च्या पुढे जाऊन शुद्ध हरपते, तेव्हा उष्माघात झालेला असतो.

जिनांचा उदय : १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि अमरावती, अकोला, खामगाव येथे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. जिनांचा हंगाम साधारणतः दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चाले. पीक मोठे असल्यास तो त्याहूनही लांबे. पत्र्याच्या छपराखाली रेच्यांची उष्णता, रुईची तूस व कोंदट हवा यांत काम करावे लागे. रेच्यांवर कापूस घालणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. कोरड्या हवेत रुई ठिणगीनेही पेट घेत असल्याने उष्म्याच्या जोडीला आगीचे भय असे.

कायदे : हिंदुस्थानातील १८८१ चा पहिला कारखाना अधिनियम शंभर वा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. त्यामुळे हंगामी जिने बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९०७-०८ च्या कारखाना कामगार आयोगाने अशा कारखान्यांतील अतिदीर्घ कामाकडे लक्ष वेधले व १९११ च्या अधिनियमाने हंगामी कारखाने कायद्याखाली आणले. १९२२ मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास साठ तासांची मर्यादा घालण्यात आली.

१९४८ च्या कारखाना अधिनियमात उष्म्याचा विचार अधिक स्पष्टपणे आढळतो. भिंती व छप्पर यांची रचना तपमान शक्य तितके कमी राहील अशी असावी, असे त्यात सांगितले होते. भिंतींना चुना देणे, छपरावर पाणी शिंपडणे, छप्पर उंच करणे किंवा दुहेरी छप्पर घालणे हे उपायही त्यात नमूद होते. कापूस फोडणारे यंत्र चालू असलेल्या भागात, योग्य आडभिंत नसल्यास, स्त्रिया व मुले यांना कामास लावण्यास मनाई होती. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे ठेवणेही बंधनकारक होते. मात्र उन्हाळ्यात थंड पाणी पुरविण्याची सक्ती २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरती होती. लहान जिनांत ती बाब मालकाच्या विवेकावर राहिली. या अधिनियमाचे विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत एकत्र करण्यात आले.

उघड्यावरील कामे : कारखाना कायद्यांचा लाभ शेतमजूर, हमाल व रस्त्यावरील मजूर यांना मिळाला नाही. १८९९–१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात हजारो लोक खडी फोडण्याच्या व रस्त्यांच्या कामांवर आले. पाणी, निवारा व औषधोपचार यांची सोय हा अशा कामांच्या व्यवस्थेचाच भाग मानावा लागतो, हा त्या काळाचा धडा होय. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाच्या व पुढे २००५ च्या केंद्रीय अधिनियमाच्या कामांवरही पिण्याचे पाणी, सावली व प्रथमोपचार यांची तरतूद करण्यात आली.

रूढ उपाय : कायद्यापूर्वीपासून लोकांनी दिनक्रमच उन्हाशी जुळवून घेतला होता. पहाटे कामास लागून दुपारी ते थांबविणे, शाळा व कचेऱ्या सकाळी भरविणे, डोक्यास दुपट्टा गुंडाळणे, पाण्याचे रांजण व पाणपोया ठेवणे आणि दारांना वाळ्याचे ओले पडदे लावणे ही त्याची उदाहरणे होत. ओल्या वाळ्यातून येणारी कोरडी हवा बाष्पीभवनाने थंड होते. पुढे घरोघरी आलेला कूलर याच तत्त्वावर चालतो. पावसाळा जवळ येऊन हवा दमट झाली, की दोन्हींचा उपयोग घटतो. रोजंदारीच्या मजुराला मात्र दुपारची सुटी म्हणजे बुडालेली मजुरी असे; म्हणून सावलीइतकाच वेतनाचा प्रश्नही या विषयात महत्त्वाचा ठरतो.

अलीकडील काळ : २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा-कृती आराखडा स्वीकारला, त्यानंतर विदर्भातही असे आराखडे झाले. मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याचे तपमान ४५° से. च्या वर गेले, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली ३१ मेपर्यंत आदेश काढला. आस्थापनांनी कामगारांसाठी पुरेसे पाणी व पंखे यांची सोय करावी आणि खाजगी शिकवणी वर्गांनी वेळा बदलाव्यात, असे त्यात फर्माविले होते. जमावबंदीसाठी ओळखले जाणारे कलम उन्हापासून संरक्षणासाठी वापरले जाणे ही लक्षणीय घटना होय. तथापि असा आदेश लाट आल्यावर निघतो. छपराची उंची, पाण्याची साठवण, कामाच्या वेळा व दुपारच्या विश्रांतीचे वेतन या बाबी मात्र हंगामापूर्वीच ठरवाव्या लागतात. नव्या मजुराच्या शरीरास उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागत असल्याने त्याच्यावरील कामाचा भार क्रमाक्रमाने वाढविणे हाही या तयारीचा आवश्यक भाग आहे.