दातांची मिश्री आणि निकोटिनचे गम

मराठवाड्यातील खेड्यांत बायकांची तंबाखू म्हणजे प्रामुख्याने मिश्री. तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची, बोटाने दातांवर घासायची. नाव दातांच्या औषधाचे, पण तलफ निकोटिनची. तिची सवय लागेल का, हे आधी कोणी तपासले नाही.

सिगारेट सोडवण्यासाठी चघळायच्या निकोटिनच्या गमबाबत मात्र सवयीची ही शंका पहिल्यापासून होती. स्वीडनच्या ओव्हे फेर्नो यांनी 1967 नंतर ते घडवले, तेही धूम्रपानबंदी असलेल्या पाणबुडीतील खलाशांचे उदाहरण पाहून. अमेरिकेत 1984 ला ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आले, 1996 ला चिठ्ठीविना. सवय लागण्याची कसोटी मुख्यतः वेगाची: झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदू गाठते, गममधले सावकाश, त्वचेवरच्या पट्टीतले त्याहून संथ. नाकातला फवारा जलद, म्हणून त्याची धास्ती जास्त. सवयीच्या चाचणीत औषध कोणते हे न सांगता ‘आवडले का, पुन्हा घ्याल का’ असे विचारतात. काहीजण गम वर्षभर चघळत राहतात, हे खरे. तरी सिगारेटपेक्षा ते बरेच.

भारतात 2 मिलिग्रॅमचे गम चिठ्ठीविना मिळते, 4 मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.