स्वायत्त तंत्रिका तंत्र व विंचूदंश

स्वायत्त तंत्रिका तंत्र व विंचूदंश : हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचा ताण, घाम, लाळ, आतड्यांची हालचाल इ. इच्छेच्या अधीन नसलेल्या क्रियांचे नियंत्रण करणाऱ्या तंत्रिकांच्या व्यवस्थेस स्वायत्त तंत्रिका तंत्र म्हणतात. ही संज्ञा केंब्रिज येथील शरीरक्रियावैज्ञानिक जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी १८९८ मध्ये सुचविली. तंत्राच्या अनुकंपी व परानुकंपी या दोन विभागांचे कार्य बहुधा परस्परविरोधी असते. त्याच्या विकृतींसंबंधीचे बरेचसे ज्ञान यूरोप-अमेरिकेतील रुग्णालयांत व प्रयोगशाळांत मिळाले. तथापि त्यात कोकणातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राचाही वाटा आहे व तो लहान नाही.

मनुष्य उभा राहिला की, सु. ५०० ते ८०० मिलि. रक्त पाय व उदर यांतील नीलांमध्ये उतरते. अनुकंपी तंत्रिका तत्काळ रक्तवाहिन्या आकुंचित करतात व हृदयाची गती वाढवितात, त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा टिकून राहतो. ही प्रतिक्षेपी क्रिया अपुरी पडल्यास उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते व रुग्ण भोवळ येऊन पडतो. ब्रॅडबरी व एगल्स्टन यांनी १९२५ मध्ये अशा तीन रुग्णांचे वर्णन केले. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत प्रकुंचनीय रक्तदाब निदान २० मिमी. किंवा प्रसरणीय रक्तदाब निदान १० मिमी. उतरणे, ही या विकाराची व्याख्या १९९६ मध्ये ठरविण्यात आली. मधुमेह, कंपवात व काही औषधे ही त्याची नेहमीची कारणे होत.

याच्या उलट, अनुकंपी तंत्रिकांचा अतिरेकी उद्रेक झाला म्हणजे काय होते, हे तांबड्या विंचवाच्या (मेसोब्यूथस टॅम्युलस, अलीकडील वर्गीकरणानुसार हॉटेनटोटा टॅम्युलस) दंशात दिसते. विंचवाची वेदना मराठी माणसास एकनाथांच्या भारुडापासून परिचित आहे. पण या जातीच्या दंशात वेदना हे भयाचे खरे कारण नव्हे. विषामुळे तंत्रिका कोशिकांतील सोडियम मार्ग उघडे राहतात. प्रथम परानुकंपी उत्तेजनाने ओकाऱ्या, दरदरून घाम व लाळ ही लक्षणे उद्भवतात. पाठोपाठ अॅड्रेनॅलीन व नॉरअॅड्रेनॅलीन यांचा लोंढा रक्तात येतो. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, श्रमलेले हृदय दुर्बल होते आणि फुप्फुसांत द्रव साठून (फुप्फुस शोफ) रुग्ण दगावतो. बळी पडणाऱ्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असे. गवत, लाकूडफाटा वा दगड हलविताना, अंधारात अनवाणी चालताना दंश होई आणि मांत्रिकाकडे विंचू उतरविण्यात मोलाचे तास जात. रुग्णालयात पोहोचलेल्यांनाही पुष्कळदा वेदनाशामके, अॅट्रोपीन व स्टेरॉइडे यांपलीकडे काही मिळत नसे. त्यांपैकी अॅट्रोपिनाने तर हृदयाची गती अधिकच वाढते.

आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड येथे जन्मलेले व नागपूर येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेले हिंमतराव साळुबा बावस्कर (१९५१– ) हे १९७६ मध्ये महाड तालुक्यातील (त्या वेळचा कुलाबा, १९८१ पासून रायगड जिल्हा) बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींवरून, हृदयावरील आघाताची पूर्वसूचना देणारी लक्षणे त्यांनी १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात मांडली. रक्तवाहिन्या शिथिल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड त्यांनी आरंभी वापरले. परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते व रक्तदाबावर सतत पहारा ठेवावा लागतो. खेड्यात हे दुष्कर होते. १९७०–८० या दशकात उच्च रक्तदाबावर प्रचारात आलेल्या प्राझोसिनाची मात्र साधी गोळी होती. नॉरअॅड्रेनॅलीन ज्या आल्फा ग्राहींवर कार्य करते, तेच ती रोधून धरते. बावस्कर व त्यांच्या पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांचा तत्संबंधीचा लेख लॅन्सेटमध्येच १९८६ साली प्रसिद्ध झाला.

या औषधाची एक खोड वैद्यांना ठाऊक होती : पहिल्या मात्रेनंतर रुग्ण उभा राहिला, तर रक्तदाब एकदम उतरून तो मूर्च्छित होतो. म्हणजे वर वर्णिलेला विकारच औषधाने निर्माण होतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णात जो दोष, तोच गुणधर्म विंचूदंशात प्राण वाचवितो. मात्र पथ्य कडक आहे. घाम व ओकाऱ्यांनी गेलेले पाणी आधी भरून काढावयाचे, रुग्णास आडवेच ठेवावयाचे आणि रडणाऱ्या मुलास आईनेही उचलून कडेवर घ्यावयाचे नाही. गोळी वजनाच्या दर किग्रॅ.ला ३० मायक्रोग्रॅम या प्रमाणात, हातपाय पुन्हा उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी देतात. या उपचारापूर्वी गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण सु. ३० टक्के होते, ते नंतर एक टक्क्याच्या आसपास आले. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

प्राझोसीन विषाचा नाश करीत नाही, केवळ त्याचा परिणाम रोखते. प्रतिविषाचा त्यास जोड दिल्यास काय होते, याची चाचणी महाड येथे ७० रुग्णांवर घेण्यात आली व तिचा वृत्तांत २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोन्ही औषधे दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२, तर केवळ प्राझोसीन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाल्याचे आढळले. [→ तंत्रिका तंत्र, रक्तदाब, विंचू].