खेळ कुणाचा, खर्च कुणाच्या खात्यावर?

ऑलिम्पिक शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण 2003 साली हैदराबादला आफ्रो-आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या होत्या, हे किती जणांना आठवते? दोन खंडांच्या मैत्रीचा गाजावाजा करून भरवलेली ती स्पर्धा पहिली ठरली आणि शेवटचीही. 2014 च्या जानेवारीत गोव्यात लुसोफोनिया स्पर्धा झाल्या. पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांची ही स्पर्धा आधी मकाव आणि लिस्बनला झाली होती. गोव्याचा मूळ मुहूर्त नोव्हेंबर 2013 चा होता, पण मैदानेच तयार नव्हती म्हणून तो पुढे ढकलला. भारत पदकतक्त्यात पहिला आला. पुढची स्पर्धा मोझांबिकला व्हायची होती, ती आजतागायत झालेली नाही. आणि आपल्या पुण्यात, बालेवाडीला, ऑक्टोबर 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. त्यांचा शुभंकर 'जिगर' नावाचा वाघ होता, दिल्लीच्या 'शेरा'चा धाकटा भाऊ. शेरा लोकांच्या लक्षात राहिला, बिचारा जिगर पुणेकरही विसरले.

अशा स्पर्धांबद्दल वर्तमानपत्रांत एक ठरावीक प्रश्न विचारला जातो : हा खर्च देशाला परवडतो का? मग अर्थतज्ज्ञ पर्यटन, रोजगार, प्रतिष्ठा यांचा ताळेबंद मांडतात. हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. 'देशाला' परवडते म्हणजे नेमके कुणाला परवडते? पैसा कुणाच्या ताटातून उचलला गेला? समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले गेले की सार्वजनिक हा शब्द भारतात सरळ अर्थाने कधीच वापरता येत नाही. सार्वजनिक तळ्याचे पाणी मिळवायला महाडला सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक पैशाची गोष्ट वेगळी कशी असेल?

याचा धडधडीत पुरावा 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत आहे.

नोव्हेंबर 2003 मध्ये जमैकात दिल्लीने हॅमिल्टनला हरवून यजमानपद मिळवले. त्यासाठी राष्ट्रकुलातल्या 72 देशांच्या संघटनांना खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी प्रत्येकी एक लाख डॉलर देऊ केले. त्या वेळी खर्चाचे जे अंदाज सांगितले गेले ते पुढच्या बिलाच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. कॅगचा 2011 चा अहवाल केंद्र आणि दिल्ली सरकार यांचा मिळून खर्चाचा आकडा 18,532 कोटी रुपये देतो. संयोजन समिती म्हणत होती की आमचा खर्च आम्ही उत्पन्नातून भागवू, सरकारला तोशीस पडणार नाही. प्रत्यक्षात आलेले उत्पन्न त्याच्या जवळपासही नव्हते. पुढे संयोजकांवर खटले झाले, अटका झाल्या, ते सारे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले. आम्हाला जे सांगायचे आहे ते टीव्हीवर फारसे दिसले नाही.

मे 2010 मध्ये 'हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क' या संस्थेने माहितीच्या अधिकारात मिळवलेली कागदपत्रे लोकांपुढे मांडली. दिल्ली सरकारने 2006-07 ते 2010-11 या काळात अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतले सुमारे 744 कोटी रुपये राष्ट्रकुल स्पर्धांच्या कामांकडे वळवल्याचे त्यांतून उघड झाले. दलित संघटनांनी आवाज उठवला, संसदेत गदारोळ झाला. ऑगस्ट 2010 मध्ये तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना राज्यसभेत सुमारे 678 कोटी रुपये वळवले गेल्याचे मान्य करावे लागले आणि ते परत मिळवून देण्याची भाषा करावी लागली. आकड्यांत फरक आहे, पण सरकारच्या तोंडून आलेला लहान आकडा धरला तरी गुन्हा लहान होत नाही.

ही योजना काय आहे हे आपल्या तरुण वाचकांसाठी सांगणे भाग आहे, कारण आपल्यातले अनेक पदवीधरही तिला खैरात समजतात. आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेत आली आणि विशेष घटक योजना 1979-80 पासून. तत्त्व साधे आहे. सरकारच्या योजना-खर्चातला अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणातला वाटा त्यांच्याच विकासासाठी बाजूला काढायचा. 2001 च्या जनगणनेनुसार दिल्लीत हे प्रमाण जवळपास 17 टक्के होते. नियोजन आयोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगत होत्या की हा पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही आणि वर्ष संपले म्हणून व्यपगतही होणार नाही. त्यासाठी अंदाजपत्रकात 789 हे वेगळे लेखाशीर्षही नेमून दिले होते. म्हणजे हा पैसा कुणाची मेहेरबानी नव्हे, हिस्सा आहे. भावकीत जमिनीची वाटणी झाल्यावर थोरल्या भावाने धाकट्याच्या वाटणीत स्वतःच्या पोराच्या लग्नाचा मांडव घालावा आणि वर म्हणावे, 'तूही ये की जेवायला', तसा हा प्रकार होता.

ही उपमा आम्ही गमतीने दिलेली नाही. दिल्ली सरकारच्या बाजूने झालेला युक्तिवाद अगदी असाच होता : रस्ते, पूल, स्टेडियम यांचा लाभ अनुसूचित जातींच्या लोकांनाही मिळणारच आहे. कागदोपत्री हे तर्कशुद्ध दिसते. उड्डाणपुलावरून दलितही जातात, मग पुलाच्या खर्चातला त्यांचा टक्का त्यांच्या खात्यावर टाका! पण मग सर्वसाधारण अंदाजपत्रकात दलितांचा वाटा कुठे गेला? नागरिक म्हणून त्या पुलावर त्यांचा हक्क आधीच होता. त्यासाठी पुन्हा विशेष घटक योजनेचा पैसा घेणे म्हणजे एकाच वस्तूची किंमत एकाच माणसाकडून दोनदा वसूल करणे. आणि कॉलेजची शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्वयंरोजगाराचे कर्ज यांसाठी त्या पाच वर्षांत जो मुलगा किंवा जी मुलगी ताटकळली, तिला नंतर परत येणाऱ्या रकमेचा काय उपयोग? पैसा परत येतो, बारावीनंतरचे वर्ष परत येत नाही. वस्तीत काम करताना शिष्यवृत्ती थकल्यामुळे कॉलेज सोडलेली मुले आम्हाला दरवर्षी भेटतात. त्यांना 'लाभार्थी' म्हणताना आमची जीभ अडखळते.

याच काळातला दुसरा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहा. यमुनेच्या पूरपात्रात खेळाडूंसाठी क्रीडाग्राम बांधणारी बिल्डर कंपनी 2009 मध्ये पैशाची अडचण सांगू लागली. तेव्हा दिल्ली विकास प्राधिकरणाने तिच्याकडून 333 फ्लॅट सुमारे 766 कोटींना विकत घेऊन तिला तारले. दलितांच्या खात्यातून 744 कोटी गेले आणि बिल्डरच्या खात्यात 766 कोटी आले. हे तेच पैसे होते असा आमचा दावा नाही. पण संकटात कुणाला हात द्यायचा आणि कुणाच्या खिशात हात घालायचा, हे ठरवताना राज्यकर्त्यांना फार विचार करावा लागला नाही, एवढे यातून दिसते.

त्याच यमुनेच्या काठी पुश्ता नावाची मोठी झोपडवस्ती होती. 2004 मध्ये ती पाडली गेली आणि लोकांना बवानासारख्या दूरच्या भागात नेऊन टाकले. जे उरले त्यांच्यावर स्पर्धा जवळ आल्यावर पडदे ओढले. पाहुण्यांना वस्ती दिसू नये म्हणून! सावली पडू नये म्हणून गावाबाहेर ठेवण्याची रीत आणि नजर पडू नये म्हणून पडद्याआड ठेवण्याची रीत यांत आम्हाला तरी फार अंतर दिसत नाही.

मजुरांचा इतिहास तर याहून जुना आहे. 1982 च्या दिल्ली एशियाडसाठी स्टेडियम आणि पूल बांधणाऱ्या मजुरांची स्थिती तीन समाजशास्त्रज्ञांनी पाहणी करून नोंदवली. त्या आधारे 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स'ने न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होते. मुकादम त्यातून माणशी एक रुपया कापून घेत होता, मजुराच्या हाती सव्वाआठ पडत होते. न्यायालयाने 18 सप्टेंबर 1982 ला निकाल दिला : किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करवून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद 23 खालची वेठबिगारीच आहे.

हा अनुच्छेद वाचताना आम्हाला महार वतन आठवते. चतकोर भाकरी आणि बलुत्याच्या मोबदल्यात दिवसरात्र सरकारची आणि गावाची चाकरी करवून घेणाऱ्या त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. वेठीचे दुःख पिढ्यानपिढ्या भोगलेल्या समाजातला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता, आणि बावीस-तेवीस वर्षांनी नव्हे तर तब्बल बत्तीस वर्षांनी ते कलम राजधानीतल्या मजुराच्या एका रुपयासाठी उपयोगी पडले. एशियाडने देशाला काय दिले, असे कुणी विचारले तर लोक रंगीत टीव्ही आणि 'अप्पू' हत्ती सांगतात. आम्ही हा निकाल सांगतो. अर्थात निकालाने मालकांची खोड जात नाही. 2010 मध्येही त्याच संघटनेला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाने नेमलेल्या समितीलाही कामगार कायद्यांची पायमल्लीच आढळली.

'मग तुम्ही खेळाच्याच विरोधात आहात का?' असे विचारणारे मित्र आहेत. मुळीच नाही. 2010 मध्ये भारताला 101 पदके मिळाली, थाळीफेकीत तिन्ही पदके आपल्या मुलींनी जिंकली, याचा आम्हालाही आनंद झाला. पण खेळाडू घडतो कशाने? बाळू पालवणकर हा चांभार समाजातला मुलगा पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखत होता. साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करता करता तो तयार झाला आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूला सहकारी हिंदू खेळाडू चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात देत. (पुढे 1937 मध्ये काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभे केले, तो इतिहास वेगळा.) चेंडू हाती येण्याची संधी हीच त्याची गुंतवणूक होती. आज ती संधी म्हणजे आश्रमशाळेतले मैदान, तालुक्याला पगारी प्रशिक्षक आणि मुलांच्या ताटात अंडी. या गोष्टींचे उद्घाटन करायला कुणी परदेशी पाहुणा येत नाही, म्हणून त्या होत नाहीत.

गोव्याचेही तसेच. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण त्यामागून यायला हव्या त्या तरतुदींसाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले. 25 मे 2011 ला बाळ्ळी इथल्या आंदोलनात दोन आदिवासी तरुणांचा जीव गेला. त्याच राज्याने अडीच वर्षांनी पोर्तुगीज भाषक देशांच्या स्पर्धेसाठी मैदाने उभारली. त्यांतल्या ताळगावच्या इनडोअर स्टेडियममध्ये 2022 साली मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला.

श्रीमंत देशांनाही आता हे पेलवेनासे झाले आहे. 2022 ची राष्ट्रकुल स्पर्धा डर्बनकडून काढून बर्मिंगहॅमला द्यावी लागली. 2026 ची स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने जुलै 2023 मध्ये नाकारली. 2.6 अब्ज डॉलरचा अंदाज सहा अब्जांच्या पुढे गेला तेव्हा तिथल्या प्रमुखांनी उघड सांगितले की इस्पितळे आणि शाळांचे पैसे मी यासाठी काढणार नाही. त्यासाठी 38 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई मोजली, पण माघार घेतली. आता ग्लासगोने अवघ्या दहा खेळांवर ती उरकायचे ठरवले आहे. 2030 साठी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतानेही हात आखडला. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये हे यजमानपद अहमदाबादला मिळाले. फटाके वाजले.

दिल्लीच्या वेळी निदान नियोजन आयोग होता, त्याच्या सूचना होत्या. आयोग 2015 पासून नाही. 2017-18 पासून योजना आणि योजनेतर हा फरकच मोडीत निघाला, त्यामुळे 'योजना-खर्चाच्या प्रमाणात' हा शब्दप्रयोगच पोकळ झाला. आंध्र प्रदेशाने 2013 मध्ये या निधीला कायद्याचे संरक्षण दिले, त्याच वर्षी कर्नाटकानेही. पण कर्नाटकच्या कायद्यात 7-ड नावाची पळवाट ठेवली होती. सर्वांसाठीच्या कामातला काही खर्च दलितांसाठीच झाला असे 'मानण्याची' सोय तिच्यात होती. म्हणजे दिल्लीचा तोच युक्तिवाद, कायद्याच्या भाषेत. ती रद्द व्हायला 2023 उजाडले. महाराष्ट्रात असा कायदा करा, ही चळवळीची मागणी जुनीच आहे. 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्याची ही गत, तर तालुक्याच्या कार्यकर्त्याने कुणाकडे जावे?

म्हणून 2030 ची वाट न पाहता आतापासून अर्ज टाकायचे आहेत. गुजरातमधल्या साथींनी आणि इथे आपणही दरवर्षीच्या अंदाजपत्रकानंतर एवढीच माहिती मागावी : 789 या लेखाशीर्षाखाली क्रीडा, नगरविकास आणि बांधकाम या खात्यांनी कोणकोणती कामे दाखवली, प्रत्येक कामावर किती रक्कम टाकली आणि त्यातले लाभार्थी कोण. दिल्लीची कागदपत्रे बाहेर आली तेव्हा स्पर्धेला पाच महिने उरले होते आणि पैसे खर्च होऊन गेले होते.