‘डिसेंट’, ‘रिमॉन्स्ट्रन्स’ व ‘प्रोटेस्ट’ : इंग्रजी दप्तरांतील तीन शब्द

इंग्रजी दप्तरांतील मराठेशाहीविषयक कागदांचें भाषांतर करितांना मतभेददर्शक शब्दांची गल्लत होण्याचा संभव फार. ‘डिसेंट’, ‘रिमॉन्स्ट्रन्स’ व ‘प्रोटेस्ट’ हे तिन्ही शब्द ‘विरोध’ या एकाच शब्दानें उतरविले, म्हणजे वाक्य सरळ वाटतें; पण इतिहास वांकडा होतो. तो कसा होतो हें एका प्रसंगावरून दाखविण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम शब्दार्थ पाहूं. तिहींचेंही मूळ लॅटिन आहे. ‘डिसेंट’ म्हणजे निराळें वाटणें. समान अधिकाराच्या मंडळींत बसलेल्या सभासदानें बहुमताहून आपलें मत भिन्न असल्याचें नोंदविणें. ‘रिमॉन्स्ट्रन्स’च्या मुळाशीं ‘दाखविणें’ हा धातु आहे. ज्याच्या हातीं निर्णय, त्यास कारणें दाखवून तो फिरविण्याविषयीं केलेली मांडणी ती ही. ‘प्रोटेस्ट’च्या मुळाशीं साक्ष आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यांत, न सकारलेल्या किंवा न पटविलेल्या विलायती धर्तीच्या हुंडीचा नोटरीकडून ‘प्रोटेस्ट’ करून घेण्याची तरतूद आहे. तेथें नोटरी कोणाशीं वाद घालीत नाहीं. नकार घडला याची साक्ष राहते आणि धन्याचा हक्क शाबूत राहतो. हाच भेद धर्मेतिहासांतही दिसतो. १५२९ त स्पायर येथील सभेंत निषेध नोंदविणाऱ्यांवरून ‘प्रोटेस्टंट’ हें नांव पडलें. इंग्लंडांत राजमान्य चर्चची उपासनापद्धति १६६२ च्या कायद्यानंतरही न स्वीकारणारे ते ‘डिसेंटर’. हे डिसेंटर बहुधा प्रोटेस्टंटच होते. दोघांसही ‘विरोधक’ म्हटल्यास कोण कोणाविरुद्ध, हें कळणार नाहीं.

आतां मूळ प्रसंग. मार्च १७७५ मध्यें मुंबईकर इंग्रजांनीं रघुनाथरावाशीं सुरतेचा तह केला. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टान्वयें अशा तहास कलकत्त्याची संमति अवश्य होती. ती घेतलेली नव्हती. कलकत्त्याच्या कौन्सिलांत पांच सभासद. क्लेव्हरिंग, मॉन्सन व फ्रान्सिस एका बाजूस. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज व बारवेल दुसऱ्या बाजूस. मतें समसमान पडलीं तरच हेस्टिंग्जच्या हातीं निर्णायक मत. कौन्सिलानें तहाचा धिक्कार केला व फौज मागें घेण्याची आज्ञा केली. हेस्टिंग्जलाही तह अयोग्यच वाटत होता. मात्र एकदां हातीं घेतलेलें युद्ध एकाएकीं टाकूं नये, एवढाच त्याचा बहुमताशीं भेद होता.

हा ‘डिसेंट’ होय. त्यास ‘विरोध’ म्हटलें कीं वाचकास हेस्टिंग्ज सुरतेच्या तहाचा पक्षपाती वाटतो. उलट, कौन्सिलाच्या नांवानें गेलेलें पत्र ‘हेस्टिंग्जचें पत्र’ म्हणून छापलें, तर माघारीची आज्ञा त्याच्या माथीं बसते. दोन्ही चुका सारख्याच. कर्नल अप्टनची वकिली व १ मार्च १७७६ चा पुरंदरचा तह हीं बहुमताच्या धोरणाचीं फळें होत.

मुंबईकरांनीं आपली बाजू मांडण्यासाठीं टेलर यास कलकत्त्यास पाठविलें. हा कनिष्ठानें वरिष्ठापुढें केलेला ‘रिमॉन्स्ट्रन्स’. यास ‘डिसेंट’ म्हणणें म्हणजे मुंबईस कलकत्त्याच्या बरोबरीस बसविणें. पुढें १७७६ त मॉन्सन व १७७७ त क्लेव्हरिंग वारला. पारडें फिरलें. १७७८ त हेस्टिंग्जनें मुंबईच्या मदतीस खुष्कीच्या मार्गें फौज रवाना केली, तेव्हां भिन्नमत लिहिण्याची पाळी फ्रान्सिसवर आली. माणसें तींच, दप्तर तेंच. पण डिसेंटचा लेखक बदलला. म्हणून नुसता ‘कौन्सिलांतील विरोधी टिपण’ असा मथळा देऊन भागत नाहीं. साल व सही पाहिलीच पाहिजे.

सबब भाषांतरकारांस सुचवावेंसें वाटतें तें इतकेंच. ‘डिसेंट’साठीं ‘भिन्नमत’, ‘रिमॉन्स्ट्रन्स’साठीं ‘सकारण तक्रार’ व ‘प्रोटेस्ट’साठीं ‘निषेधाची नोंद’ असे शब्द योजावे. मूळ शब्द नागरींत शेजारीं द्यावा. आणि कागद कोणी, कोणास व कोणत्या नात्यानें लिहिला हें मथळ्यांत नमूद करावें. मोडी कागदाचा मायना वाचल्याशिवाय आपण त्याचा अर्थ लावीत नाहीं. इंग्रजी कागदासही तोच न्याय लागू आहे.