वॉकी-टॉकी

वॉकी-टॉकी हा हातात धरून वापरावयाचा द्विमार्गी बिनतारी संच होय. यात प्रक्षेपक आणि ग्राही हे दोन्ही भाग एकाच पेटीत असतात. बहुतेक संचांत एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलणे व ऐकणे होते. कळ दाबली की संदेश जातो, सोडली की येतो. मोबाइलप्रमाणे मनोऱ्याची आवश्यकता नसल्याने पोलीस, वन विभाग, अग्निशमन दल, यात्रांचे व्यवस्थापन आणि हौशी रेडिओ (हॅम) या क्षेत्रांत तो वापरला जातो.

इतिहास
कॅनडातील डोनाल्ड हिंग्ज यांनी १९३७ मध्ये आणि अमेरिकेतील आल्फ्रेड ग्रॉस यांनी १९३८ मध्ये सुवाह्य द्विमार्गी संच तयार केले. दुसऱ्या महायुद्धात गॅल्व्हिन या कंपनीने (पुढे मोटोरोला) अमेरिकी सैन्यासाठी दोन संच बनविले. पाठीवर वाहावयाच्या एससीआर-३०० या संचाला ‘वॉकी-टॉकी’ म्हणत, तर हातात मावणाऱ्या एससीआर-५३६ ला ‘हँडी-टॉकी’. पुढे पहिलेच नाव हातातील संचाला रूढ झाले.

पल्ला व भूरचना
या संचांच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. म्हणून पल्ला हा शक्तीपेक्षा उंचीवर अधिक अवलंबून असतो. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले असता रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. अँटेना दीड मीटर उंचीवर असल्यास हे अंतर सुमारे ५ किमी येते. म्हणजे सपाट, मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या दोन व्यक्तींमधील कमाल पल्ला सुमारे १० किमी होतो. घरे, झाडे व टेकड्या यांमुळे तो प्रत्यक्षात पुष्कळ कमी भरतो.

बुलढाणा जिल्ह्याची रचना हे याचे चांगले उदाहरण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे ‘घाटावरील’ व ‘घाटाखालील’ असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर हे तालुके घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव हे पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहेत. मैदानापासून ३०० मीटर उंच कड्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीचे रेडिओ क्षितिज सुमारे ७० किमी दूर असते. परंतु तीच व्यक्ती कड्यापासून थोडी मागे सरली, तर मध्ये आलेला डोंगर खालील गावाशी होणारा संपर्क तोडू शकतो. लोणारच्या सुमारे १.८ किमी व्यासाच्या विवरात तळाशी असलेल्या संचाची विवराबाहेर गाठ पडणे अवघड असते. अशा ठिकाणी काठावर एक माणूस उभा करून निरोप पुढे पाठविणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. हेच काम स्वयंचलित रीतीने करणाऱ्या यंत्राला रिपीटर म्हणतात. तो एका वारंवारतेवर संदेश घेऊन त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर प्रक्षेपित करतो.

संचातील फेरबदल
अँटेना बदलणे हा सर्वाधिक परिणामकारक फेरबदल आहे. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ५२ सेंमी भरते. संचासोबत येणारा आखूड रबरी अँटेना त्याहून पुष्कळ कमी कार्यक्षम असतो. याउलट शक्ती ५ वॅटवरून १० वॅट केल्यास ग्रहणात फरक थोडाच पडतो आणि विद्युत् घट मात्र लवकर संपतो. अँटेना न जोडता कळ दाबल्यास प्रक्षेपकाचा अंतिम टप्पा जळू शकतो.

दुसरा फेरबदल प्रोग्रॅमिंगचा. संगणक व केबलच्या साहाय्याने संचाच्या स्मृतीत वारंवारता, रिपीटरचे अंतर आणि ओळख-स्वर भरले जातात. तिसरा प्रकार म्हणजे उत्पादकाने घातलेली वारंवारतेची मर्यादा उठविणे. असा संच पोलीस, वन किंवा विमान वाहतुकीच्या वारंवारतेवरही प्रक्षेपण करू शकतो. बोलणाऱ्याला त्याची जाणीव नसली, तरी त्याने कळ दाबून ठेवलेल्या वेळात त्या वारंवारतेवरील मदतीची हाक दबून जाऊ शकते.

कायदा
१९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय बिनतारी संच नुसता बाळगणेही निषिद्ध ठरविले. या व इतर जुन्या कायद्यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार अधिनियम करण्यात आला. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्ती संचांना परवान्यातून सूट आहे. मात्र ती मान्यताप्राप्त मूळ रचनेलाच लागू होते. शक्ती किंवा वारंवारता वाढविलेला संच या सवलतीत बसत नाही. ऑनलाइन बाजारात नियमबाह्य संचांची विक्री वाढल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यामुळे खरेदीपूर्वी संचाची वारंवारता आणि प्रकार-मान्यता पाहणे ग्राहकाच्या हिताचे आहे.

प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी हौशी रेडिओचा मार्ग खुला आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला परीक्षा देऊन परवाना व हाकचिन्ह मिळविता येते. परवानाधारक आपल्या श्रेणीला नेमून दिलेल्या पट्ट्यांत व शक्तीच्या मर्यादेत स्वतः संच बांधू शकतो. व्यावसायिक संदेशांना मात्र मनाई आहे.

आपत्तीतील उपयोग
डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हॅम चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे होता. नेहमीची दळणवळण साधने बंद पडल्यावर त्यांनी अंदमान व मुख्य भूमी यांच्यातील निरोप पोहोचविले. अशा प्रसंगी शिस्त महत्त्वाची ठरते: आधी ऐकावे, कळ दाबून क्षणभर थांबावे, थोडक्यात बोलावे, ठिकाण व संख्या दोनदा सांगावी आणि बोलणे संपताच ‘ओव्हर’ म्हणून वारंवारता इतरांसाठी मोकळी करावी.